२९ वर्षांचा मिक्सर गेला, नवीन ७५० वॅटचा आठ महिने वापरला, त्याचा अनुभव

फेब्रुवारीत नवीन मिक्सर घेतला, आता आठ महिने होत आले म्हणून लिहितेय. घेतल्याघेतल्या लिहिणारे पुष्कळ असतात, पॅकिंग छान, डिलिव्हरी वेळेत, पाच स्टार. पण मिक्सर काय चीज आहे ते एक चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, काढल्याशिवाय कळत नाही. ब्रँड मुद्दाम लिहीत नाही, ह्या किमतीतले सगळे साधारण सारखेच आहेत.

आधी जुन्याबद्दल, कारण तुलना त्याच्याशीच होणार. आमच्याकडे गोव्यात पेडण्याला १९९६ पासून एकच मिक्सर. ५०० वॅट, बाबांनी म्हणजे सासऱ्यांनी चवथीच्या बोनसमधून घेतलेला. त्याआधी पडवीत वाटायचा दगडी रगडा होता, आणि मिक्सर घरात आला तेव्हा आई म्हणे चार दिवस धड बोलल्या नव्हत्या, मशीनच्या वाटणाला चव नसते म्हणून. हे मला बाबांनी सांगितलं. आईंना विचारलं तर, "मी कशाला तसं बोलू गो?"

त्याचा नॉब मी लग्न होऊन यायच्या आधीच तुटलेला, त्यामुळे आतली दांडी पकडीने धरून फिरवायची. पक्कड स्विचबोर्डाच्या बाजूला खिळ्याला टांगलेली. नव्या सुनेला पहिल्या आठवड्यात दाखवलेल्या गोष्टी तीन, पंपाचा स्विच, गॅसचा रेग्युलेटर आणि ही पक्कड. एकवर जोर लावून, दोनवर हलक्या हाताने, आणि तीनवर जायचंच नाही, तीनवर खालच्या जाळीतून निळ्या ठिणग्या दिसायच्या. झाकणाचं रबर कधीच ढिलं पडलेलं, म्हणून एक हात झाकणावर दाबून आणि एक हात पकडीवर, फोन वाजला तर वाजू दे. मागच्या भिंतीवर हळद-मिरचीचे जे शिंतोडे आहेत ते दोन वेळा रंग काढूनही परत वर आलेत.

आवाज तर विचारू नका, मोपा विमानतळाचं विमान डोक्यावरून गेलं तरी कळायचं नाही. पण त्या आवाजात माहिती होती हे मला आता कळतंय. खोबरं जाडं असेपर्यंत खरखर, मग घरघर, आणि वाटण गुळगुळीत झालं की आवाज एकदम पातळ व्हायचा. आई न्हाणीत असल्या तरी तिथून ओरडायच्या, "पुरे गो, झालं!" झाकण उघडून बघितलं की खरंच झालेलं असायचं.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी बांगड्याचं हुमण करायला वाटण लावलं आणि अर्ध्यात जळका वास आला, धूर आला, संपलं. राहिलेलं वाटण शेजारच्या काकींकडे नेऊन पुरं केलं. शुक्रवारी म्हापशाला बाजाराला गेलो तेव्हा मिक्सर पिशवीत घालून नेला. दुरुस्तीवाल्याने उघडला, टॉर्च मारली आणि म्हणाला, "आर्मेचर गेलां मरे, आतां ताका सोड." आर्मेचर म्हणजे मोटरीतला तारा गुंडाळलेला फिरणारा भाग. चूक आमचीच म्हणायची. मिक्सरच्या मोटरीत दोन कार्बन ब्रश असतात, ते झिजतात, वेळेवर बदलले की मोटर चालत राहते. आम्ही चार वेळा बदलले पण ह्यावेळी 'बघू पावसाळ्यानंतर' करत दोन पावसाळे काढले. झिजलेल्या कार्बनवर चालवत राहिलं की कॉम्युटेटरवर, म्हणजे कार्बन जिथे घासतो त्या तांब्याच्या भागावर, खड्डे पडतात, ठिणग्या वाढतात आणि शेवट आर्मेचर जळतं. कोणाकडे जुना मिक्सर असेल आणि जाळीतून ठिणग्या जास्त दिसत असतील तर आज कार्बन बदला, शंभर-दीडशेचं काम आहे.

त्याने सुट्या भागांसाठी मिक्सर ठेवून घेतला आणि शंभर रुपये दिले. आईंनी त्या शंभराची तिथेच मयड्याची केळी घेतली आणि परतीच्या बसमध्ये बाबांच्या हातात एक देऊन म्हणाल्या, "घ्या, खा तुमचा मिक्सर."

आता नवीन. ७५० वॅट, तीन भांडी, साधारण चार हजाराला पडला. ताकदीला तोड नाही. अर्ध्या नारळाचं खोबरं, आठ-दहा सुक्या मिरच्या, धणे, हळद, चिंच, हे जुन्यात थांबत थांबत आठ मिनिटं खायचं, ह्यात तीन मिनिटांत लोण्यासारखं. शाकुतीचा भाजलेला मसाला तर इतका बारीक होतो की गाळायची गरज नाही. झाकणाला क्लिप आहेत, हात मोकळे. चटणीचं छोटं भांडं मला सगळ्यात आवडलं, दोन चमचे खसखससुद्धा वाटली जाते, नाहीतर मोठ्या भांड्यात ती पात्याखालीच बसून राहते.

तोटा म्हणजे तापतं. मोटर नाही म्हणत मी, आतला माल. पातं एवढ्या वेगाने फिरतं की ओलं खोबरं गरम होतं, आणि सोलकढीसाठी रस काढताना जरा जास्त फिरवलं की लोण्याचे कण सुटून वर तरंगतात. पहिल्या महिन्यात तीन वेळा सोलकढी बिघडली, पाहुण्यांसमोर एकदा. आता पल्सवर थोडं थोडं फिरवते, मध्ये थांबते, आणि मगच पिळते. आंबोळीचे उडीद वाटताना फ्रिजचं पाणी घालते, नाहीतर पीठ कोमट होऊन उन्हाळ्यात सकाळपर्यंत नको तेवढं आंबतं. रगड्यावर हा प्रश्नच नव्हता, दगड सावकाश फिरतो, पीठ थंड राहतं. पण मग वाटायला बसा तासभर, मी नाही बसणार.

झाकण पारदर्शक प्लास्टिकचं आहे, दुसऱ्या आठवड्यात हळदीने पिवळं झालं, उन्हात ठेवलं तर थोडं फिकं होतं, जात नाही.

चवथीला खतखतं, मुगागाठी, घरात बारा माणसं. मी एकामागून एक वाटणं लावत गेले आणि मिक्सर मध्येच गप्प. माझ्या पोटात गोळा. मग पुस्तिका काढली तर खाली लाल बटण आहे, लोड जास्त झाला की मोटर स्वतःला बंद करते, थोडा वेळ थांबून बटण दाबायचं. दाबलं, चालू झाला. पट्टीवर '३० मिनिटं' छापलंय त्याचा अर्थ सलग तीस मिनिटं असा नाही हेही तेव्हाच वाचलं, पाच मिनिटं चालवा, दोन मिनिटं विश्रांती, असं करत तीस.

त्याच्या आधी जुलैत खालचा कपलर, म्हणजे भांडं मोटरीला जोडणारी चकती, तुटला. सर्व्हिसवाले म्हणाले पंधरा दिवस लागतील, वॉरंटी आहे ना, थांबा. मिक्सरशिवाय पंधरा दिवस, तेही गोव्यात! म्हापशाला साठ रुपयांत मिळाला, घरीच बसवला, फक्त आमच्या मिक्सरला त्याचे आटे उलटे आहेत, घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतो, हे कळायला अर्धा तास गेला. तसा कपलर तुटतो ते बरंच, पातं अडकलं तर तो तुटतो आणि मोटर वाचते.

आईंचं मत विचाराल तर, "ह्या मशीनच्या वाटणाला चव नाही, जुन्याच्या वाटणाला होती." बाबा माझ्याकडे बघून हसले, मी भाताच्या पातेल्यात बघत बसले. पण हुमण आई दोनदा वाढून घेतात. एक मात्र त्यांचं खरं आहे, ह्याच्या आवाजावरून काही कळत नाही, पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत एकच सूर, झाकण काढून बोटाने चोळून बघावं लागतं. न्हाणीतून हाक यायची बंद झाली.

घ्यावा का? घरात रोज नारळ फुटत असेल तर ७५० च्या खाली जाऊ नका, आणि एक जास्तीचा कपलर आणूनच ठेवा. माझ्याकडून पाचात चार, एक सोलकढीसाठी कापला.

पक्कड अजून त्याच खिळ्यावर आहे. पहिले काही दिवस माझा हात आपोआप तिकडे जायचा, नवऱ्याचा अजून जातो. गेल्या आठवड्यात नळवाला आला, त्याची पक्कड घरी राहिलेली, समोर टांगलेली बघून काढायला गेला तर आई आतून म्हणाल्या, "ती नको हा, ती मिक्सराची. थांब, दुसरी देते."