अँप किती वॅटचा घ्यावा? उत्तर स्पीकरकडे असतं

अँप, म्हणजे स्पीकरला ताकद देणारा अँप्लिफायर, घ्यायला दुकानात गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती वॅटचा दाखवू? याचं उत्तर अँपमध्ये शोधू नका, ते स्पीकरच्या माहितीपत्रकात असतं. तिथे ८५, ८८, ९१ असा डेसिबलमधला (आवाज मोजायच्या एककातला) एक आकडा दिलेला असतो. त्याला सेन्सिटिव्हिटी म्हणतात. स्पीकरला २.८३ व्होल्ट दिले, म्हणजे ८ ओहमच्या (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा विरोध) स्पीकरला बरोबर १ वॅट दिला, तर एक मीटरवर किती आवाज मिळेल ते हा आकडा सांगतो. आधी स्पीकर पक्का करा, वॅट मग ठरतात.

दोन स्पीकर शेजारी-शेजारी ठेवून बघू. केईएफचा एलएस५० मेटा आणि क्लिप्शचा आरपी-६००एम. दोन्ही बुकशेल्फ, म्हणजे छोटे, स्टँडवर ठेवायचे, आणि दोन्ही ८ ओहमचे म्हणून विकले जाणारे. पण केईएफची सेन्सिटिव्हिटी ८५ डेसिबल आणि क्लिप्शची कंपनीने सांगितलेली ९६. क्लिप्शच्या ट्वीटरपुढे, म्हणजे वरच्या पट्टीतला आवाज काढणाऱ्या छोट्या भागापुढे, कर्णा आहे. ग्रामोफोनच्या कर्ण्याचं तत्त्व तेच, थोड्या ताकदीत जास्त आवाज पुढे फेकायचा. हा ११ डेसिबलचा फरक वॅटमध्ये मोजला तर साडेबारा पट होतो. क्लिप्श १ वॅटमध्ये जेवढा वाजेल, तेवढा आवाज काढायला केईएफला साडेबारा वॅट लागतील.

आता हे आपल्या हॉलमध्ये आणू. सोफा स्पीकरपासून दहा फुटांवर, म्हणजे साधारण ३ मीटर. अंतरामुळे साडेनऊ डेसिबल जातात, दोन स्पीकर मिळून ३ परत येतात. भिंतींवरून परतणारा आवाज मी हिशेबात धरलेला नाही, तो बोनस समजा.

| स्पीकर | १ वॅटला सोफ्यावर | ९५ डेसिबलच्या ठोक्याला लागणारे वॅट |
|---|---|---|
| ८५ डेसिबल | ७८.५ | ४५ |
| ८८ डेसिबल | ८१.५ | २२ |
| ९६ डेसिबल | ८९.५ | ३.५ |

९५ कशाला, असं कुणीही विचारेल. घरात एवढ्या मोठ्यानं कोण ऐकतं? सरासरी आवाज म्हणून कुणीच ऐकत नाही. विलंबित ख्याल ७५ डेसिबलवर लावला तर हॉल छान भरतो, आणि ८५ च्या स्पीकरला त्यासाठी अर्धा वॅटसुद्धा लागत नाही. तानपुरा आणि आलाप चालू असताना अँप जवळपास झोपलेला असतो. मग समेवर तबल्याची थाप पडते. चांगल्या रेकॉर्डिंगमध्ये अशी थाप सरासरीच्या १५ ते २० डेसिबल वर जाते. २० डेसिबल म्हणजे शंभरपट ताकद, अर्ध्या वॅटवरून एकदम ४५ वर! तेही क्षणभरासाठी. अँपचे वॅट खर्च होतात ते या क्षणात. तिथे दम नसेल तर थापेची धार बोथट होते आणि तबला पुठ्ठ्याच्या खोक्यावर वाजवल्यासारखा लागतो. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच.

म्हणून एलएस५० मेटाला डेनॉनचा पीएमए-६००एनई हा अँप लावला, तर त्याचे ८ ओहमवरचे ४५ वॅट दहा फुटांवर काठोकाठ पुरतात, हाताशी काही उरत नाही. केईएफ स्वतः ४० ते १०० वॅट सुचवते. माझं मत विचाराल तर हॉलमध्ये ऐकायचं असेल तेव्हा ८० ते १०० च्या बाजूला राहा. आरपी-६००एमला मात्र तोच डेनॉन भरपूर होतो. कंपन्यांचा आकडा कधीकधी खोलीचा फायदा धरून सांगितलेला असतो, म्हणून ९६ चे ९२ धरले तरी ९ वॅटमध्ये काम भागतं. या स्पीकरला १०० वॅटचा अँप घेऊन हाती विशेष काही लागणार नाही, ते पैसे चांगल्या स्टँडवर घालावेत. ८ वॅटच्या ट्यूब (जुन्या रेडिओसारख्या काचेच्या व्हॉल्व्हच्या) अँपचं स्वप्न असेल तर तेही अशाच स्पीकरवर पाहावं, ८५ च्या स्पीकरवर ते जमणार नाही.

बेडरूममध्ये साडेसहा फुटांवर बसून ऐकणाऱ्याचा हिशेब वेगळा आहे. तिथे ८५ च्या स्पीकरला ९० डेसिबलच्या ठोक्यासाठी सहा-सात वॅट पुरतात. फ्लॅटमध्ये रात्री हळू आवाजात ऐकणाऱ्यानं मोठ्या अँपच्या मागे लागूच नये.

वॅट दुप्पट केले की आवाज दुप्पट होत नाही, फक्त ३ डेसिबल मिळतात. कानाला दुप्पट वाटायला १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. ६० आणि ८० वॅटच्या अँपमध्ये फरक सव्वा डेसिबलचा. त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. त्यापेक्षा ३ डेसिबल जास्त सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर घेतलात तर अँप दुप्पट केल्यासारखंच झालं.

ओहमकडे एक नजर हवीच. एलएस५० मेटा ८ ओहमचा म्हटला तरी त्याचा किमान आकडा ३.५ ओहम आहे. तिथे अँपला दुपटीहून जास्त करंट द्यावा लागतो. अँपचा ४ ओहमचा आकडा बघा: ८ ओहमला ५० आणि ४ ओहमला ९०-१०० असेल तर त्याचा पॉवर सप्लाय भक्कम आहे. ४ ओहमचा आकडाच दिलेला नसेल तर असा स्पीकर त्याला जोडताना मी कचरेन.

खोक्यावरच्या वॅटबद्दल मात्र सावध राहा. पीएमपीओचे, म्हणजे जाहिरातीतल्या फुगवलेल्या क्षणिक ताकदीचे, हजारो वॅट आपण सगळ्यांनी पाहिलेत. त्यांना काही अर्थ नाही. एव्ही रिसीव्हरवर (होम थिएटरच्या अँपवर) मोठ्या अक्षरांत दीडशे लिहिलेलं असतं, तेव्हा ते बऱ्याचदा ६ ओहम, एकच चॅनेल (एकाच स्पीकरची बाजू) आणि १० टक्के डिस्टॉर्शनला (आवाजाच्या बिघाडाला) मोजलेले असतात. दोन्ही चॅनेल, ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ ही ओळ शोधा, तिथे तोच रिसीव्हर ८० च्या घरात येतो. अमेरिकेत हा गोंधळ इतका वाढला होता की १९७४ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनला अँपचे वॅट कसे मोजायचे याचा नियमच करावा लागला.

छोटे क्लास-डी (वीज फार वाया न घालवणारे) अँप आता स्वस्तात मिळतात आणि आवाजाला खरोखर चांगले असतात. पण खोक्यावरचे १०० अधिक १०० वॅट बाजूला ठेवा आणि अडॅप्टर उलटा करून त्यावरची बारीक अक्षरं वाचा. २४ व्होल्ट, ४ अँपिअर असेल तर आत जाणारी वीजच ९६ वॅटची आहे, बाहेर २०० कुठून येणार? २४ व्होल्टवर ८ ओहमच्या स्पीकरला एका चॅनेलमागे फार तर ३६ वॅट मिळतात, आणि आवाज फाटू द्यायचा नसेल तर तिशीच्या आसपास. ८८ च्या स्पीकरला दहा फुटांवर हे पुरतं. ८५ ला नाही.

याची किंमत मी मोजली आहे. एका दिवाळीच्या पहाटे सोसायटीच्या गच्चीवर असाच अँप आणि माझे ८६ डेसिबलचे स्पीकर लावले होते. उघड्यावर भिंतींचा आधार नव्हता आणि माणसं पुष्कळ होती, म्हणून आवाज वाढवत नेला. तबल्याच्या चाटेचा (कडेच्या पट्टीवरचा) ठोका वाळू घासल्यासारखा यायला लागला, तरी मी हात मागे घेतला नाही. विसेक मिनिटांनी उजवा ट्वीटर गप्प झाला. घरी मल्टिमीटर लावला: डावा पाच ओहमच्या आसपास दाखवत होता, उजव्यावर काटा हललाच नाही. आतली केसाएवढी बारीक तार जळून तुटली होती. तो स्पीकर १०० वॅटपर्यंत चालणारा होता, अँप जेमतेम ३० चा. पण अँपची मर्यादा संपली की लहरीचे माथे छाटले जातात. छाटलेल्या कडांमधून वरच्या पट्टीतली ताकद वाढते आणि ती सगळी ट्वीटरवर येते. ट्वीटरला सोसतात मोजके वॅट. म्हणूनच ८५-८६ च्या स्पीकरला १०० वॅटचा अँप बेतानं वाजवणं हे ३० वॅटचा पिळून काढण्यापेक्षा जास्त सुरक्षित आहे.

ऐकायला जाल तेव्हा स्वतःच्या ओळखीचं तबल्याचं रेकॉर्डिंग घेऊन जा आणि घरी बसता तेवढ्याच अंतरावर बसा. आलापावर नेहमीचा आवाज लावा आणि द्रुत सुरू झाली की नॉब थोडा आणखी वर न्या. चाट टणक आणि मोकळी राहते की चरचरते, तेवढंच ऐका. चरचरली तर मोठा अँप मागण्याआधी त्याच अँपवर जास्त सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर लावून दाखवा म्हणावं.