कुराणिक अरेबिक कॉर्पस : ‘अल्लाह’ या एका शब्दापुरतं परीक्षण

कुराणातल्या ७७,४३० शब्दांचं शब्दागणिक व्याकरण देणारं हे संकेतस्थळ कैस ड्यूक्स यांनी लीड्स विद्यापीठात उभं केलं. पैसे लागत नाहीत, खातं उघडावं लागत नाही. सगळं संकेतस्थळ तपासायचं तर पोथी होईल, म्हणून इथे एकच शब्द घेतला आहे : अल्लाह. माहितीचा म्हणून जो शब्द कुणी शोधायला जात नाही, त्याच्याच बाबतीत साधा शोध सर्वांत जास्त फसतो.

मोबाइलच्या कळपाटावर हा शब्द टाइप करून कुराणाच्या मजकुरात शोधला, तर बरेचदा हाती काहीच लागत नाही. कारण साधं आहे. उस्मानी, म्हणजे कुराणाच्या पारंपरिक लेखनपद्धतीच्या मजकुरात सुरुवातीचं अलिफ हे अक्षर साधं नसून ‘वस्ला’ या चिन्हाचं असतं, संगणकासाठी ते वेगळंच अक्षर. शिवाय शद्दा (द्वित्वाचं चिन्ह) आणि स्वरचिन्हं असतातच. दुसरी गंमत : ‘ल’ हे शब्दयोगी अव्यय आधी लागलं की अलिफ गळतो. पहिल्या सूरेच्या (अध्यायाच्या) दुसऱ्या आयतीतलं (वचनातलं) ‘अल्‌हम्दु लिल्लाहि’ पाहा. ‘लिल्लाहि’त अलिफ लिहिलेलाच नाही, त्यामुळे अक्षरं जुळवणारा शोध त्याला ओलांडून जातो. कॉर्पस इथे चुकत नाही, कारण तो या शब्दाचे दोन तुकडे करतो : आधी अव्यय, मग विशेषनाम.

तेव्हा शोधाच्या चौकटीच्या नादी न लागता शब्दकोशाच्या पानावर जावं आणि धातूंच्या यादीतून हमजा-लाम-हा निवडावा. शेवटचा ‘हा’ साधा; घशातून येणारा दुसरा ‘हा’ निवडला तर भलतंच पान उघडेल. या धातूची २,८५१ रूपं तीन गटांत दिली आहेत : ‘इलाह’ हे सामान्यनाम १४७ वेळा, ‘अल्लाहुम्म’ ५ वेळा आणि ‘अल्लाह’ हे विशेषनाम २,६९९ वेळा. शब्दाचा अर्थ कळायला ही विभागणीच पुरेशी आहे. ‘इलाह’ म्हणजे कोणताही देव. त्याचं द्विवचन होतं (सूरा:आयत या क्रमाने ५:११६ आणि १६:५१), अनेकवचन ‘आलिहा’ होतं. ‘अल्लाह’चं अनेकवचन नाही. ‘अल्‌-इलाह’चा संकोच होऊन ‘अल्लाह’ झाला, ही प्रचलित व्युत्पत्ती. कॉर्पसही त्याला याच धातूखाली ठेवतो.

दोन्ही शब्द शेजारी पाहायचे तर ३७:३५ उघडा : ‘ला इलाह इल्लल्लाहु’, म्हणजे अल्लाहशिवाय देव नाही. शब्दावर टिचकी मारली की रूप समोर येतं. ‘इलाह’ द्वितीयेत, कारण ‘ला’ इथे अख्ख्या जातीचाच नकार करतो; ‘अल्लाहु’ प्रथमेत. व्याकरणाची टीप इंग्रजीत आणि अरबीतही असते. इंग्रजीत नुसतं ‘प्रॉपर नाउन’, तर अरबीत ‘लफ्झुल्‌ जलाला’, म्हणजे महिमेचा शब्द. अरबी वैयाकरण या शब्दाला नुसतं ‘नाम’ म्हणत नाहीत, तो अदब इथे जपला आहे.

या साधनाचा खरा कस ‘वल्लाह’मध्ये लागतो. हिंदी सिनेमामुळे हा शब्द आपल्या कानांना चांगला परिचयाचा. स्वरचिन्हं काढली की ‘आणि अल्लाह’ आणि ‘अल्लाहची शपथ’ हे दोन्ही सारखेच लिहिले जातात. फरक शेवटच्या स्वराचा : ‘वल्लाहु’ म्हणजे ‘आणि अल्लाह’, ‘वल्लाहि’ म्हणजे शपथ. ६:२३ मध्ये ‘वल्लाहि रब्बिना’ आहे आणि कॉर्पसने तिथला ‘व’ शपथेचा म्हणून अचूक वेगळा काढला आहे. १२:७३ मधलं ‘तल्लाहि’ही शपथच. ‘अल्लाहुम्म’ (३:२६) हे संबोधन. त्याच्या शेवटच्या ‘म्म’ला कॉर्पस संबोधनाचा प्रत्यय मानतो.

रोजच्या बोलण्यातली रूपंही सापडतात : ‘इन शाअल्लाह’ २:७० मध्ये, ‘मा शाअल्लाह’ १८:३९ मध्ये. आखातात नोकरीला असलेल्यांनी पहिलं रूप नीट पाहून ठेवावं. अरबीत ‘इन’ आणि ‘शाअ’ हे सुटे शब्द आहेत. मेसेजमध्ये ते जोडून लिहिले की ‘इन्शा’ म्हणजे ‘निर्मिती’ असा वेगळाच शब्द तयार होतो. देवनागरीत आपण ‘इन्शाअल्ला’ सर्रास जोडतो, तिथे काही बिघडत नाही.

उच्चाराला मात्र व्याकरणाच्या टिपांचा उपयोग नाही. ‘अ’ किंवा ‘उ’नंतर या शब्दातला ‘ल्ल’ जड, भरदार होतो. ‘इ’नंतर, म्हणजे ‘बिस्मिल्लाह’मध्ये, हलका राहतो. देवनागरीला हा भेद दाखवता येत नाही. आयतीचं पठण ऐकूनच तो कानात बसवावा लागतो.

आता खटकणाऱ्या गोष्टी. शब्दागणिक पानांवरची अरबी अक्षरं म्हणजे चित्रं आहेत; ती ना कॉपी होतात, ना पानात शोधता येतात. मांडणी जुन्या वळणाची, मोबाइलवर डोळ्यांना ताप. वाक्यरचनेच्या आकृत्या सगळ्या सूरांच्या नाहीत. मराठी अनुवाद नाही, आणि इंग्रजी अनुवादांवर विसंबलात तर घोटाळा ठरलेला : पिकथॉल ‘अल्लाह’ ठेवतात, आर्बेरी ‘गॉड’ लिहितात. मोजदाद करायची तर अनुवाद बाजूला ठेवून धातूच्या पानावरूनच करावी. तरीही एखाद्या ॲपचा आकडा वेगळा निघाला तर आधी ‘बिस्मिल्लाह’चा हिशेब पाहा. ११३ सूरांच्या आरंभी तो येतो, पण आयत म्हणून क्रमांक फक्त पहिल्या सूरेत मिळतो. उरलेले ११२ कॉर्पस मोजत नाही.

सर्वांत मोठी मर्यादा मात्र विषयाचीच आहे. हे सगळं फक्त कुराणापुरतं. हा शब्द इस्लामच्या आधीपासून अरबस्तानात होता. पैगंबरांच्या वडिलांचंच नाव अब्दुल्लाह, आणि आकाश-पृथ्वी कुणी निर्माण केली असं विचारलं तर विरोधकही ‘अल्लाह’ म्हणतील, असं २९:६१ सांगते. अरबी भाषक ख्रिस्ती आजही देवाला अल्लाहच म्हणतात. १८६५ च्या व्हॅन डाइक अरबी बायबलच्या पहिल्याच वाक्यात आकाश आणि पृथ्वी ‘अल्लाह’ने निर्माण केली, असं आहे. माल्टाचे कॅथलिक ‘अल्ला’ म्हणतात. यातलं कुराणाबाहेरचं काहीही कॉर्पसमध्ये सापडणार नाही. त्यासाठी हान्स वेरचा अरबी-इंग्रजी कोश जवळ ठेवावा. त्यातही शब्द धातूनुसारच लावलेले आहेत, म्हणजे तिथेही हमजा-लाम-हा खालीच पाहायचं.