इंजिन ट्यूनिंग: घरी की मेकॅनिककडे?

एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग घरीच बदलावेत, असं माझं ठाम मत आहे. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर प्लग काढा आणि त्याचं टोक उजेडात धरून बघा. फिकट तपकिरी असेल तर ज्वलन नीट चाललंय. काळी काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा फिल्टर तुंबलाय. पांढरंफटक, फोड आलेलं असेल तर प्लग फार तापतोय. एवढं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की गाडीची तब्येत कळू लागते. नवा प्लग आधी हातानेच फिरवा. पान्याने सुरुवात करून आटे गेले, तर काम फार महागात पडतं. प्लगची गॅप, म्हणजे टोकाशी ठिणगी पडते ती फट, मॅन्युअलप्रमाणेच ठेवा, बहुतेक गाड्यांत ती ०.७ ते १.१ मिमी असते.

जुन्या कार्ब्युरेटरचं (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाचं) आयडलिंग, म्हणजे गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग, जुळवणंही घरी जमतं.

टायमिंग बेल्टला, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्हची हालचाल जुळवून ठेवणाऱ्या पट्ट्याला, मात्र हात लावू नका. जुळणी चुकली तर अनेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणकच सांभाळतो, तिथे पाना नाही, स्कॅनर लागतो. साधा स्कॅनर घरीही बिघाडाचा कोड दाखवेल, पण दोष सेन्सरचा की वायरचा, हे ओळखायला मुरलेला मेकॅनिकच हवा.