लॅमिंग्टन रोडवरची 5.1 खरेदी: ॲम्प भारी, वायर मात्र तासून घ्या

ॲम्पचं आधी सांगते, यामाहाचा आरएक्स-व्ही 385 घेतला आणि पैसे वसूल. ॲटमॉस (डोक्यावरूनही आवाज येतो ते) नाही त्यात, साधा 5.1 आहे, म्हणजे पाच स्पीकर नि एक सबवूफर, पण आमच्या टूबीएचकेच्या हॉलला तेवढं रग्गड होतं. सोबत माइक येतो, तो सोफ्यावर ठेवायचा, मग ॲम्प एकेका स्पीकरमधून आवाज काढत अंतर नि लेव्हल आपलं आपण लावून घेतो (तेवढा वेळ पंखा बंद ठेवा आणि घरच्यांना गप्प बसवा, हे जास्त अवघड).

आता दुकान. नाव घेत नाही. डेमो झकास दिला, घाई नाही, चहाही पाजला, पण बिल करायची वेळ आली की काकांना एकदम केबलचं प्रेम येतं. "मॅडम, 8के वाली एचडीएमआय घ्या, कलर खुलतील." अहो कसले कलर? हा ॲम्प 4के 60 हर्ट्झचा, त्याला 18 जीबीपीएसची (सेकंदाला 18 गिगाबिट डेटा नेणारी) केबल पुरते, ही 8के ची 48 वाली घेऊन करायचंय काय. डिजिटल सिग्नल आहे, नीट पोचला तर चित्र तेच, नाही पोचला तर ठिपके येतात नाहीतर स्क्रीन काळी होते, सोन्याच्या पिनने रंग बदलत नाही. दोन मीटरची साधी प्रीमियम हायस्पीड घेतली, टीव्हीच्या एआरसी लिहिलेल्या पोर्टात लावली (त्याच केबलने टीव्हीचा आवाज ॲम्पकडे परत येतो), ॲम्पमध्ये एचडीएमआय कंट्रोल ऑन केलं, झालं, आवाजासाठी वेगळ्या ऑप्टिकल केबलची गरजच नाही पडली.

खरी गंमत स्पीकर वायरची. रोलवर ठसठशीत ओएफसी, म्हणजे शुद्ध तांबं, छापलेलं, पण उचलला तर हलका लागला. ब्लेड मागितलं, एक तार तासली, आत पांढरी! म्हणजे सीसीए, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. तेवढ्याच जाडीला रेझिस्टन्स साधारण दीडपट. पुढच्या स्पीकरला दोन-तीन मीटरमध्ये फार फरक पडत नाही म्हणा, पण मागच्यांना भिंतीकडेने फिरवून बारा-बारा मीटर लागते आणि तांब्याचे पैसे देऊन ॲल्युमिनियम का घ्यायचं? काका म्हणे "कंपनीच तसं छापते". मग आतून दुसरा रोल आला, 14 गेजचा, तासला तरी लालच. तोच घेतला. आकडा कमी तेवढी वायर जाड, एवढं लक्षात ठेवा, कारण 16 आणि 18 पण तिथे "जाडीच आहे" म्हणून खपवतात.

ॲम्पला पाच स्टार, दुकानाला तीन. रविवारी जाऊ नका, बरीच शटरं खाली असतात.