एक एकर विकायचा, की शैक्षणिक कर्ज काढायचं?

लेकराचा नंबर लागला की आमच्या परभणीकडं घरात पहिला विषय निघतो तो रानाचा. एक एकर काढून टाकू, कर्जाचा घोर नको, असं वडीलधारी म्हणतात. त्यांची भीती मला कळते; कर्जापायी उठलेली घरं त्यांनी डोळ्यांनी पाहिलीत. पण गेलेलं रान परत येत नाही, आणि धाकट्या लेकरांचा वाटाही त्यातच जातो.

बँकेच्या शैक्षणिक कर्जाला साधारणपणे ७.५ लाखांपर्यंत तारण लागत नाही. शिक्षण संपून वर्ष होईपर्यंत हप्ता थांबतो, फेडायला १५ वर्षांपर्यंत मुदत मिळते. व्याज मात्र पहिल्यापासून चढतं. सोयाबीनची पट्टी आली की तेवढं व्याज भरत राहा, म्हणजे पुढचा हप्ता हलका होतो. घरचं वार्षिक उत्पन्न ४.५ लाखांच्या आत असेल, तर केंद्राच्या व्याज अनुदानाचं आधी विचारा.

नोकरी लांबली, पावसानं दगा दिला, तर हप्ता थकायच्या आधीच शाखेत जाऊन मुदत वाढवून मागा. थकलं की लेकराचं सिबिल (कर्जफेडीची पत दाखवणारा आकडा) बिघडतं आणि सहकर्जदार म्हणून सही केलेल्या बापाचंही. रान विकलं तर हा धोका नाही, हे खरं. तरी मी कर्जच घेईन. रान दवाखान्याच्या वेळेला राहू दे.