उरणला राहून मुंबईत नोकरी: लाँच धरावी की लोकल?

उरणला घर घ्यायचा विचार असेल, तर आधी ऑफिस नेमकं कुठे आहे ते बघा. माझगाव, डॉकयार्ड, बॅलार्ड पिअर असेल तर उरणच्या मोरा जेट्टीवरून माझगावच्या भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचला तोड नाही. पाऊण-एक तासात माणूस पाणी ओलांडून मुंबईत, मध्ये गाडी बदलणं नाही. वाशी, सानपाडा, चेंबूरला कामाला असाल तर लाँचचं नाव काढू नका. जानेवारी २०२४ पासून लोकल उरणपर्यंत येते, तीच सोयीची. वाशी असो की सीएसएमटी, नेरूळला हार्बरची गाडी मात्र पकडावी लागते, आणि उरणच्या गाड्या विरळ. एक चुकली की पुढचं सगळं गणित कोलमडतं.

लाँचची खरी दुखरी नस म्हणजे गाळ. ओहोटीला मोरा जेट्टीजवळ पाणी इतकं उतरतं की लाँच धक्क्याला लागूच शकत नाही, फेऱ्या थांबतात. मुंबईच्या किनाऱ्याला अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती दुपारी बाराच्या सुमारास असते. म्हणजे ओहोटी येते सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास, आणि तीही सगळ्यात मोठी. ऐन कामावर जायची-यायची वेळ! अष्टमीच्या सुमाराला उलट: सहाच्या आगेमागे भरती, दुपारची ओहोटीही बेताची. हा गाळ नेमाने उपसला गेला, तर शेकडो लोकांची संध्याकाळ वाचेल.

पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद होते, मोऱ्याची लाँच चालू राहते. भाडं वाढतं, आणि धोक्याचा बावटा लागला की तीही बंद. धक्क्याच्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या होतात. लाँच एकीला एक लागून उभ्या असल्या की एकीवरून दुसरीवर पाय टाकत उतरावं लागतं. खलाशी हात देतात, पण गुडघेदुखी असलेल्यांनी रोज हे करू नये.

अटल सेतू २१.८ किलोमीटरचा, झटकन मुंबईत आणतो. पण कारला एका बाजूचा टोल २५० रुपये, आणि दुचाकीला बंदी. चौघं मिळून जात असाल तरच परवडेल.

मी लोकलचा पास काढून ठेवीन आणि तिथी बघून लाँच धरीन. घराचं टोकन देण्याआधी एखाद्या अमावास्येला संध्याकाळी मुंबईहून उरणला परतून बघा.