पद्मिनी हलवायची: दोरीने ओढून की फ्लॅटबेड ट्रकवर चढवून?

बंद पडलेली प्रीमियर पद्मिनी जेमतेम 900 किलोची, त्यामुळे "दोरी बांधा आणि ओढा" हे पटकन सुचतं. सपाट रस्ता आणि दोन-तीन किलोमीटरवर गॅरेज असेल तर ते चालतंही. दोन गाड्यांमधलं अंतर 5 मीटरच्या आत, वेग ताशी 25च्या आत, मागच्या गाडीत ब्रेक सांभाळणारा जाणता माणूस आणि हॅझार्ड दिवे चालू हवेत. दोरी कधीही बंपरला बांधू नका. क्रोमची पट्टी वाकते, ब्रॅकेट उपटून येतं. पुढच्या गाडीने दोरी हळूहळू ताणत निघायचं, कारण झटका बसला की हूकच तुटतो.

खरी अडचण खाली आहे. गाडी रिअर व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जाते, त्यामुळे न्यूट्रलमध्येही मागची चाकं गिअरबॉक्सचा मागचा शाफ्ट फिरवत राहतात. पण तेल उडवणारा खालचा शाफ्ट थांबलेला असतो. लांब ओढलं तर बेअरिंग कोरडी पडतात. पुढची चाकं उचलणाऱ्या क्रेनलाही हेच लागू. नाइलाज असेल तर फ्लँजवर (जोडाच्या चकतीवर) खूण करून प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्समधून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा, सोडवा.

खंडाळ्याचा घाट उतरायचा असेल तर फ्लॅटबेडच, पैसे जास्त गेले तरी. चढवताना सायलेन्सर रॅम्पला घासत असेल तर चाकांखाली फळ्या टाका. पट्टे चारही टायरांवरून घ्या, अॅक्सलला नको. पहिला गिअर, हँडब्रेक, चाकांना लाकडी ठोकळे. दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून पट्टे ताणणारं रॅचेट पुन्हा आवळा. टायर दबून पट्टे सैल होतातच.